मागच्या ट्रकचा तपास

कॅबिनेटचा पत्रा लावून झाला, पंखे फिरले, आतले निळे दिवे लागले आणि टेबलावर एक स्क्रू उरला.

"हा कुठला?" भिंगांनी विचारलं.

"उरतोच एखादा," मेहुणा म्हणाला आणि आपले बारीक बारीक स्क्रू-ड्रायव्हर डब्यात भरू लागला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. काड्या आवळण्यात त्याचा हात बसलेला, म्हणून नव्या कॉम्प्युटरचे भाग निवडण्यापासून ते जोडण्यापर्यंत सगळं त्यानेच केलं होतं. त्यात त्याचा अख्खा रविवार गेला होता.

दुसऱ्या कोणी तो स्क्रू उचलून खिडकीत ठेवला असता आणि चहा मागितला असता. भिंगांनी तो चिमटीत धरून उजेडाकडे नेला, उलटा करून पाहिला आणि बायकोच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत टाकून झाकण लावलं. डबीवर तारीख घातली.

भिंग हे त्यांचं आडनाव नव्हे. ते विमा कंपनीत दावे तपासत. कुणाचं दुकान जळालं, कुणाची गाडी चोरीला गेली, कुणाचे मेलेले काका अचानक सापडले, की फाइल त्यांच्या टेबलावर यायची. इतकी वर्षं हेच केल्यावर माणसाच्या नजरेला एक वाकडं वळण पडतं. आगीची जागा पाहायला गेले की ते राखेकडे बघत नसत, रडणाऱ्या मालकाच्या डोळ्यांत पाणी खरं आहे का ते बघत. कंपनीत त्यांना भिंग म्हणायला लागले, मग ते नाव घरापर्यंत आलं. बायको एरवी "अहो" म्हणे, पण डोकं फिरलं की तिच्याही तोंडून "भिंग" निघे.

तर असा माणूस पन्नाशी ओलांडल्यावर गेम खेळायचा कॉम्प्युटर का घेतो? त्याला कारण त्यांची मुलगी. ती शिकायला दुसऱ्या गावी गेली, होस्टेलवर राहिली, आणि बापलेकीचं बोलणं फोनवर आलं. फोनवर भिंग विचारत, "जेवलीस?" ती म्हणे, "हो." "अभ्यास?" "चालू आहे." "बरं." "बरं." मग दोघंही थोडा वेळ एकमेकांचा श्वास ऐकत आणि फोन आईकडे जाई. आईशी ती अर्धा अर्धा तास बोले. भिंग शेजारच्या खुर्चीत बसून फक्त "अगं बाई!" आणि "मग?" एवढंच ऐकत आणि मनात झुरत. शेवटी एकदा मुलगीच म्हणाली, "बाबा, एक गेम आहे दोघांनी मिळून खेळायचा. खेळाल माझ्याबरोबर?"

गेम साधा होता. बर्फाच्या डोंगरातून एक लांबलचक ओंडका न्यायचा. त्याचं एक टोक पुढच्या ट्रकवर, दुसरं मागच्या. पुढचा ट्रक मुलगी चालवणार, मागचा बाबा. एक दरीत गेला की दुसराही गेला. पण त्या पहिल्या शनिवारी कानाला हेडफोन लावून बसल्यावर जे घडलं त्याची भिंगांना कल्पनाच नव्हती. ट्रक चालवता चालवता मुलगी बोलत होती. खोलीतल्या मैत्रिणीबद्दल, कपडे वाळत घालायच्या दोरीवरून झालेल्या भांडणाबद्दल, दर वाक्यानंतर नाक ओढणाऱ्या प्राध्यापकांबद्दल. ती गेल्यापासून जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या एका संध्याकाळी कळलं. भिंगांना इतका आनंद झाला की पुलावर त्यांचा ट्रक कठडा तोडून खाली गेला आणि ओंडक्यासकट मुलीलाही घेऊन गेला.

"असू दे हो बाबा," ती म्हणाली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा दरी. तिसऱ्यांदाही दरीच.

पलीकडे घसा साफ केल्याचा आवाज आला. मग मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचं मशीन अडखळतंय बहुतेक. नवीन आहे ना, होतं असं."

"अडखळतंय?"

"म्हणजे चित्र मध्येच अडकतं, आणि पुढे जातं तोवर ट्रक खाली. आणि ऐका ना, आमच्या कॉलेजात या गेमची स्पर्धा आहे. एक विद्यार्थी आणि घरचं एक मोठं माणूस, अशा जोड्या. मी आपलं नाव दिलंय. तोवर मशीन नीट झालं तर तुम्ही, नाहीतर मामाला विचारते. राखीव म्हणून फक्त."

मामा म्हणजे तोच तो चष्म्याचा दुकानदार.

भिंगांना स्वतःला चित्र कुठे अडकलेलं दिसलं नव्हतं. पण दिसलं नाही म्हणजे नाही, असं त्यांच्या धंद्यात कोणी मानत नाही. त्यांनी हेडफोन काढून ठेवला आणि नव्या तपासाच्या सुरुवातीला ते जो प्रश्न विचारत तोच स्वतःला विचारला. फायदा कोणाचा?

उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही. मशीन जोडलं कोणी? मेहुण्याने. स्क्रू उरला तेव्हा "उरतोच" असं घाईघाईने म्हणालं कोण? मेहुणा. आणि मशीन बिघडलं तर लेकीच्या शेजारी जागा मिळणार कोणाला?

"अगं," त्यांनी बायकोला हाक मारली, "तुझा भाऊ लहानपणी खेळताना चिडायचा का?"

बायको शाळेत शिक्षिका होती. समोर पेपरांचा गठ्ठा होता. "चिडायचा. का?"

"सहज."

"तुमचं सहज मला माहितीये," ती म्हणाली आणि पुढचा पेपर ओढला.

मंगळवारी कचेरीतून आल्यावर भिंगांनी बंदोबस्ताला सुरुवात केली. मेहुणा अधूनमधून बहिणीकडे यायचा, आल्यावर "कसं चाललंय मशीन?" म्हणून हात लावायचा. तो हात नक्की कुठे लागतो हे कळायला हवं होतं. भिंगांनी कॉम्प्युटरवर एक अँटिव्हायरस घातला. पण तो मेहुण्यानेच सुचवलेला होता, म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवायला दुसरा घातला. आणि कोण कधी काय करतं त्याचं सतत चित्रीकरण करणारा एक तिसरा प्रोग्राम घातला. मग कॅबिनेटच्या प्रत्येक सांध्यावर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर आडवी सही केली. समोर आणि मागे जाळी होती, तिच्यावरही पट्ट्या आल्या. आता कोणी पत्रा उघडला, जाळीतून काही सरकवलं, की सही फाटणार. ते दोन पावलं मागे सरून बघत राहिले. मशीन सरकारजमा केलेल्या कपाटासारखं दिसत होतं.

पुढच्या शनिवारी मशीन अडखळलं. खरंच अडखळलं. ट्रक वळणावर आला, चित्र थिजलं, हेडफोनमध्ये "बा... बा... बा..." झालं, आणि चित्र हललं तेव्हा ट्रक दरीत उताणा पडला होता.

"दिसलं!" भिंग खुर्चीतून उठून ओरडले. "आता दिसलं!"

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "काय झालं?"

"मशीन बिघडलंय!"

"मग एवढा आनंद कसला?"

ते तिला कळण्यासारखं नव्हतं. इतके दिवस नुसता वास होता, आता पुरावा हाती आला होता. त्यांनी त्याच बसल्या जागी चित्रीकरण आणखी बारकाईने व्हावं अशी सोय केली आणि जाळीवर पट्ट्यांचा दुसरा थर दिला. त्यानंतर मशीन नुसतं सुरू करायलाही खोकत खोकत उठायचं. पंखे असे घोंघावत की शेजारच्या खोलीतून बायको विचारे, "मिक्सर कोणी लावलाय?"

एक चांगला तपासनीस कधी एकाच संशयितावर थांबत नाही. वरच्या मजल्यावर एक निवृत्त नर्सबाई राहत. त्यांचं कपडे धुण्याचं यंत्र शनिवारी संध्याकाळी चालतं, त्यामुळे वीज खालीवर होत असावी, असं भिंगांच्या मनाने घेतलं. ते वर गेले.

"तुम्ही कपडे शनिवारीच का धुता?"

"शनिवारी मळतात म्हणून," बाई म्हणाल्या. "तुम्हाला काय करायचंय?"

"आणि संध्याकाळीच?"

बाईंनी दाराची साखळी लावली आणि फटीतून विचारलं, "तुम्ही वीज कंपनीचे का हो? आमचं मीटर सरळ आहे. हवं तर बघा." त्या दिवसापासून बाई त्यांना जिन्यात पाहिलं की दार लावून घेत आणि मीटरच्या पेटीला त्यांनी नवं कुलूप ठोकलं. भिंगांना ते कुलूप पाहून वाटलं, इथेही काहीतरी पाणी मुरतंय.

पण मुख्य संशयित मेहुणाच होता. तो पुढच्या रविवारी आला तेव्हा भिंगांनी त्याला पंख्याखालच्या खुर्चीत बसवलं, स्वतः समोर बसले, आणि चहा मध्ये ठेवला. चहा गरम असताना माणूस खरं बोलतो असं त्यांचं एक मत होतं.

"मशीन जोडताना तू मध्येच उठला होतास."

"पाणी प्यायला."

"तेव्हा हातात काय होतं?"

"ग्लास."

"त्याआधी?"

मेहुणा आठवू लागला. "ग्राफिक्स कार्ड असेल. का हो?"

"म्हणजे कार्ड हातात घेऊन तू स्वयंपाकघरात गेलास."

"नाही हो, कार्ड ठेवून ग्लास घेतला."

"कुठे ठेवलंस? कोणी पाहिलं?" भिंगांनी गोळ्यांची डबी टेबलावर ठेवून झाकण उघडलं. "आणि हा ओळखतोस?"

मेहुण्याने आत पाहिलं. मग डबीवरची तारीख वाचली. मग दाजींच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"दाजी, तुम्ही माझा जबाब घेताय?"

"मी फक्त विचारतोय."

"ताई!" तो ओरडून उठला. "मी दुकान बंद ठेवून ह्यांचं मशीन जोडून दिलं, आणि हे मला चोर ठरवतायत! मी चाललो. आणि लेकीला सांग तुझ्या, राखीव-बिखीव मला नको. जोडी लावायची तर ह्यांच्याबरोबरच लाव. जाऊ देत दरीत!"

दार आपटलं. चहा तसाच राहिला. बायको दारात उभी होती, आणि तिने "अहो"ही म्हटलं नाही आणि "भिंग"ही म्हटलं नाही.

भिंगांना आधी बरं वाटलं. संशयित पळाला म्हणजे आपण बरोबर होतो. पण संध्याकाळी मुलीचा फोन आला आणि त्यांचं बरं वाटणं उतरलं.

"बाबा, मामा नाही म्हणतोय. कारणही सांगत नाहीये. तुमचं मशीन झालं का ठीक?"

"तपास चालू आहे."

"येत्या शनिवारी स्पर्धा आहे हो. मग मी नाव काढून घेऊ का?" तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "सगळ्यांच्या घरचं कोणी ना कोणी आहे."

जळलेल्या दुकानांचे मालक आपल्यासमोर बसून काय सोसत असतील ते भिंगांना पहिल्यांदाच कळलं. "काढू नकोस," ते कसेबसे म्हणाले. "मी करतो काहीतरी."

"तुम्ही आता एकच करा," बायको म्हणाली. "उद्या ते मशीन जिथून आणलं तिथे न्या. मी येते बरोबर. आणि तिथे माझ्या भावाचं नाव तोंडातून निघालं तर बघा."

कॉम्प्युटरच्या दुकानाचा मालक म्हणजे शेराला सव्वाशेर होता. तो गिऱ्हाइकांवर विश्वास ठेवत नसे. लोक नवे भाग नेतात, त्याजागी जुने घालून परत आणतात, असा त्याचा अनुभव होता. म्हणून विकलेल्या प्रत्येक भागावर तो कोपऱ्यात नखाला लावायच्या लाल रंगाचा ठिपका देत असे आणि ही गोष्ट कोणाला सांगत नसे. भिंग मशीन घेऊन आत शिरले आणि दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की दोघांनाही दुसऱ्याची जात ओळखू आली.

"रॅम तुम्ही जुनी दिलीत का?" भिंगांनी सुरुवात केली.

"तुम्ही बदललीत का?" मालकाने उत्तर दिलं.

"मी कशाला बदलू?"

"तेच मी विचारतोय."

"उघडा आधी," बायको म्हणाली.

मालकाने मशीन टेबलावर घेतलं आणि त्याचा हात थांबला. "हे काय चिकटवलंय?"

"सील आहे," भिंग म्हणाले. "आत कोणी हात घालू नये म्हणून."

"जाळीवर?"

"जाळीवरही."

"साहेब, जाळीतून हात जात नाही. हवा जाते." मालकाने पट्टी खरवडून पाहिली. "म्हणजे जायची. हे पंखे बिचारे आतलीच गरम हवा घुसळत बसलेत."

पट्ट्या निघाल्या. पत्रा निघाला. मालकाने आत वाकून आपले लाल ठिपके एकेक करून मोजले, आणि सगळे जागेवर दिसल्यावर त्याला थोडं वाईट वाटल्यासारखं झालं. भिंगांनी डबी पुढे केली. मालकाने स्क्रूकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "जादाचा आहे. मीच पुडीत एक-दोन जास्त टाकतो. नाहीतर एक हरवला म्हणून लोक परत येतात आणि माझ्या डोक्याला ताप होतो."

बायकोने भिंगांकडे पाहिलं. भिंगांनी डबी खिशात घातली.

मशीन सुरू केलं. हवा मिळाल्यावर त्याचा दम जरा कमी झाला, पण गेम लावला तर ट्रक अजून अडकत अडकतच चालला. मालकाने रॅम बदलून पाहिली. तसाच. वीज देणारा डबा बदलला. तसाच. केबल बदलली, ग्राफिक्स कार्ड काढून दुसरं लावलं. ट्रक आपला दोन हात जाई आणि थांबे. मग मालकाने त्यांची डिस्क काढून स्वतःची लावली, आणि ट्रक लोण्यातून सुरी जावी तसा डोंगरातून निघाला.

"यंत्रात काही नाही," मालक म्हणाला. "भूत तुमच्या डिस्कमध्ये आहे." त्याने जुनी डिस्क परत लावली, आत काय काय चालू आहे ते उघडलं, आणि खुर्ची ओढून नीट बसला. "इथे तीन रखवालदार आहेत. पहिला प्रत्येक गोष्ट अडवून झडती घेतो. दुसरा पहिल्याची झडती घेतो. आणि तिसरा त्या दोघांच्या मारामारीचं चित्रीकरण करतो. सगळी ताकद यांनीच खाल्लीय. गेमला उरतंय काय?"

"परीक्षेला वर्गात तीन पर्यवेक्षक," बायको म्हणाली, "आणि तिघं एकमेकांच्या खिशात बघतायत. मुलं पेपर कधी लिहिणार?"

मालक भिंगांकडे वळला. त्याच्या आवाजाला अशी धार आली की भिंगांना आपलाच आवाज ऐकू आल्यासारखा वाटला. "हे कोणी घातले?"

भिंगांनी दाराकडे पाहिलं. तिथे बायको उभी होती.

"मी," ते म्हणाले.

परत येताना बायको गाडी चालवत होती आणि भिंग मशीन मांडीवर घेऊन शेजारी बसले होते. तिन्ही रखवालदार दुकानातच काढून टाकले होते, मशीन ठणठणीत होतं, शनिवारची काळजी मिटली होती. माणसाने अशा वेळी गप्प बसून खिडकीबाहेर बघावं. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. भिंगांच्या धंद्यात एक प्रश्न सगळ्यात आधी विचारतात. आधी विमा काढला की आधी नुकसान झालं? आणि तो प्रश्न आता त्यांना छळू लागला. रखवालदार घातले मंगळवारी. पट्ट्या लावल्या मंगळवारी. मग त्याआधीच्या शनिवारी, मशीन कोरं करकरीत असताना, अडखळलं कोण?

त्यांनी तिथेच गाडीतून मुलीला फोन लावला. "तुला एक विचारतो. खरं सांग. पहिल्या दिवशी तुला कसं कळलं की माझं मशीन अडखळतंय?"

पलीकडून उत्तर येईना. ही शांतता भिंगांनी शेकडो वेळा ऐकली होती. काका मेलेच नव्हते असं सांगण्याआधी माणसं अशीच गप्प होतात.

"बाबा, रागावणार नाही ना?"

"नाही."

"मशीन नव्हतं हो अडखळत. तुम्ही ब्रेकच्या जागी हॉर्न दाबत होता. प्रत्येक पुलावर." तिने दम घेतला. "खरं सांगितलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं. मग पुढच्या शनिवारी तुम्ही काहीतरी काम काढलं असतं. म्हणून म्हटलं मशीन."

बायकोने हसू दाबायला ओठ चावले. भिंगांच्या मांडीवर मशीन जड झालं होतं. आयुष्यभर खोटे दावे पकडले, आणि हा एक, केवळ त्यांचं मन राखायला केलेला, त्यांच्या नाकाखालून पास होऊन गेला होता. त्यांना लाज वाटली, आणि त्या लाजेच्या खाली कुठेतरी फार बरंही वाटलं. तिलाही शनिवार हवा होता तर.

"गाडी भावाच्या दुकानाकडे घे," ते बायकोला म्हणाले.

"तिकडेच चाललेय," ती म्हणाली.

मेहुणा एका चष्म्याची काच पुसत होता. दाजींना पाहून तो ती जास्तच जोरात पुसू लागला. भिंगांनी काउंटरवर दोन्ही हात ठेवले. "चुकलो," ते म्हणाले. "मशीन तू नीट जोडलं होतंस. मीच त्याचा गळा दाबला." मग जे झालं ते सगळं सांगितलं. हॉर्नचं सोडून. मग बायको खाकरली, म्हणून हॉर्नचंही सांगितलं.

मेहुण्याच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैलावला. भिंगांना एक शेवटची आशा सुचली. "माझा नंबर तर वाढला नसेल ना? म्हणजे मला बटणंच नीट दिसत नसतील."

"बसा."

मेहुण्याने त्यांना खुर्चीत बसवलं, नाकावर लोखंडी चौकट चढवली, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, काचा बदलून पाहिल्या. भिंग शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचत गेले आणि वाचता वाचता हिरमुसले.

"नंबर तोच आहे, दाजी."

"नीट बघ."

"दाजी, तुमची नजर उत्तम आहे. दोष हाताचा आहे."

"मग तू खेळ शनिवारी," भिंग म्हणाले. हे म्हणायला त्यांना फार जड गेलं, पण म्हणाले. "तिला जिंकायला मिळेल."

"आधी एक राहिलंय," बायको मध्ये पडली. "माझ्यासमोर कबूल करा. यापुढे माझ्या भावावर संशय घेणार नाही. काही झालं तरी."

"काही झालं तरी," भिंग म्हणाले.

पण मुलीने हे ऐकलं आणि ती फोनवर उसळलीच. "मामाबरोबर जिंकायचं ठीक आहे, पण तो चालवताना एक अक्षर बोलत नाही. मला तुम्हीच पाहिजे. मामाचं मी बघते काय करायचं ते."

मग आठवडाभर भिंग संध्याकाळी कचेरीतून आले की बूट काढायच्या आधी मशीनसमोर बसत. आता कोणाकडे बोट दाखवायची सोय नव्हती. ट्रक दरीत गेला की गुन्हेगार समोरच्या काळ्या काचेत स्पष्ट दिसायचा. बायको वर्गातल्या मुलांना सांगावं तसं मागून सांगायची, "ब्रेक डावीकडे. डावीकडे! जेवता त्याच्या उलटा हात!" गुरुवारपर्यंत बोटांना ब्रेक सापडू लागला. शुक्रवारी ते एक अख्खा पूल ओलांडून गेले आणि त्यांना स्वतःलाच संशय आला.

शनिवारी संध्याकाळी स्पर्धा सुरू झाली. पहिल्याच फेरीत त्यांच्यासमोर मुलीच्या खोलीतली मैत्रीण आणि तिचे काका आले. चारही जणांचे आवाज एकमेकांना ऐकू येणार होते. "माझे काका जरा अबोल आहेत हं," मैत्रिणीने आधीच सांगून टाकलं. काकांनी नमस्कारही केला नाही.

दोन्ही ओंडके निघाले. काकांचा ट्रक बघण्यासारखा चालला होता. वळणावर घाई नाही, पुलावर धक्का नाही. भिंगांनीही जीव मुठीत धरून मागचं टोक सांभाळलं. मुलगी बडबडत होती, "बाबा, सावकाश. बाबा, मस्त! त्या नाक ओढणाऱ्या सरांनाही आज बघायला बोलावलंय," आणि भिंगांना वाटत होतं, ही डोंगराची वाट संपूच नये. शेवटच्या पुलाआधी दोन्ही जोड्या बरोबरीला आल्या. भिंगांनी दात आवळून ब्रेक दाबला. खरोखर ब्रेकच दाबला. ट्रक पुलावर सरळ उभा राहिला.

आणि तेवढ्यात हेडफोनमधून, अबोल काकांच्या बाजूने, दाराची घंटा वाजल्याचा आवाज आला. मग कोणीतरी विचारलं, "झाला का हो माझा?" आणि एक दबका, ओळखीचा, घाईत असलेला आवाज म्हणाला, "काच उद्या येईल. काडी सैल झालीय का? बसा, दोन मिनिटांत आवळून देतो."

भिंगांच्या अंगावर काटा आला. बनावट नातेवाईक! त्यांच्या साऱ्या नोकरीत इतका उघड, इतका रंगेहाथ सापडलेला बनावट नातेवाईक त्यांना मिळाला नव्हता. साक्षीदार होते, आवाज होता, धंद्याचा पुरावा होता. त्यांनी खुर्चीत पाठ ताठ केली, एक बोट वर केलं आणि तोंड उघडलं.

शेजारी बायको पेपर तपासत बसली होती. तिने लाल पेन थांबवलं आणि नजर वर केली.

भिंगांनी तोंड मिटलं. बोट खाली आलं. या सगळ्यात काकांचा ट्रक ओंडकाभर पुढे निघून गेला आणि आधी पोचला. मागोमाग मुलीचा पोचला, आणि तिच्या मागे, एकही कठडा न मोडता, भिंगांचा.

"बाबा! आपण पोचलो!" मुलगी किंचाळली. "हरलो, पण पोचलो! पहिल्यांदा!"

"पोचलो," भिंग म्हणाले. त्यांचे डोळे ओले झाले होते. तिला दिसत नव्हते ते बरं होतं.

मग तिचा आवाज एकदम गोड झाला. इतका गोड आवाज ऐकून एरवी भिंगांनी फाइल परत उघडली असती. "बाबा, तिचे काका किती छान चालवतात, नाही? तुम्हाला कसला संशय वगैरे तर नाही ना आला?"

अबोल काकांनी श्वास रोखल्याचं स्पष्ट ऐकू आलं.

"संशय?" भिंग म्हणाले. "छे. असेल कुणाचा तरी मामा."